पावणेसहाचं जेवण

आपल्याकडं प्रवास म्हणजे तीर्थ. उतरायचं कुठं हा प्रश्न कुणाला पडायचाच नाही. कुंभोजला बाहुबलीला गेलं की क्षेत्रावरच, श्रवणबेळगोळला गेलं की तिथल्या धर्मशाळेत. सांगलीहून लग्न होऊन मी ग्वाल्हेरला आले तेव्हा पहिला प्रवास झाला तो सोनागिरचा. ग्वाल्हेर-झाशी मार्गावरचं स्टेशन, टेकडीवर पांढरी शुभ्र सत्त्याहत्तर मंदिरं, आणि खाली धर्मशाळेत पितळी बादली, सतरंजी, छानलेलं पाणी. भोजनशाळेची घंटा दिवस असतानाच वाजायची. दिवस मावळायच्या आतल्या या जेवणाला इकडं अंथऊ म्हणतात. आम्ही सांगलीकडं नुसतं 'दिवसाचं जेवण' म्हणायचो. शब्द वेगळा, घाई तीच.

मुलगा लहान असताना त्याला एस्सेलवर्ल्ड दाखवलं, पण तेव्हाही मुंबईत नणंदेकडं उतरलो होतो. त्यामुळं हॉटेल निवडणं हे काम माझ्या आयुष्यात आलं ते नातवंडांमुळं. मुलानं ठरवलं, डिसेंबरच्या सुट्टीत मुलांना इमॅजिका दाखवायचं. खोपोली-पाली रस्त्यावरचं हे पार्क २०१३ साली सुरू झालं. नात सात वर्षांची, नातू साडेतीन. मुलाला ऑफिस, सुनेला शाळा, तेव्हा "आई, तू जरा फोन करून बघ ना" असं म्हणून यादी माझ्या हातात आली.

यादी मोठी होती. पार्कला लागूनच नोवोटेल आहे, २०१५ सालचं. त्याशिवाय खोपोली गावातली लहान हॉटेलं, आणि घाट चढून गेलं की लोणावळ्याचे रिसॉर्ट. मुलाचा कल लोणावळ्याकडं होता, कारण फोटोत पोहण्याचा तलाव निळाशार दिसत होता. मी म्हटलं, अरे, नाताळच्या सुट्टीत तो घाट सकाळी उतरायचा नि रात्री चढायचा, मागच्या सीटवर दोन झोपलेली पोरं. गाडी लागणारी नात आपलीच आहे ना?

लहान मुलं बरोबर असली की हॉटेलचा तलाव, झुंबर, चकाचक बाथरूम यातलं काही महत्त्वाचं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. महत्त्वाची असते दुपार. साडेतीन वर्षांचं मूल दोन वाजता कोलमडतं. समोर मोगॅम्बो असो की डायनासोर, त्याला झोप हवी असते. त्यासाठी कुणा एका मोठ्या माणसाला त्याला घेऊन खोलीवर परतता आलं पाहिजे. म्हणजे हॉटेल दहा-पंधरा मिनिटांच्या आत हवं, आणि रिक्षा किंवा हॉटेलची गाडी भरदुपारी मिळायला हवी. गंमत अशी की अशा बहुतेक पार्कांत मुलांचं तिकीट उंचीवर ठरतं, तर हॉटेलात जादा गादीचे पैसे वयावर. आमच्या नातवानं दोन्हीकडं फुकटात बाजी मारली. नात मात्र दोन्हीकडं भरली.

पण खरा पेच वेगळाच होता. दशलक्षणात नातीनं मंदिरात उभं राहून नियम घेतला होता, वर्षभर रात्री जेवायचं नाही. पाणी, दूध सोडलेलं नव्हतं, फक्त अन्न. कुणी सांगितलं नव्हतं; मैत्रिणीनं घेतला म्हणून हिनं घेतला असेल, पण घेतला. ग्वाल्हेरला डिसेंबरात साडेपाचलाच सूर्य मावळतो. शाळेतून आली की कपडे बदलायच्या आधी ताटावर बसायची. चार महिने पाळला होता.

सून म्हणाली, "आई, दोन दिवस सूट देऊ या तिला. लहान आहे." मुलगा म्हणाला, "तिथं सहा वाजता कोण जेवायला देणार? सगळ्यांचाच प्रवास तिच्या ताटाभोवती फिरेल." दोघंही चूक बोलत नव्हते. पण मला वाटत होतं, सूट मागायची तर तिनं मागावी. आपण मोठ्यांनी द्यायची नाही आणि नियम मोडू नकोस म्हणून डोळेही वटारायचे नाहीत. आपण एवढंच करायचं, की पाळायचा म्हटला तर पाळता येईल असं घर, आता घर नाही तर हॉटेल, शोधायचं.

मग मी फोनवर बसले. "जैन फूड मिळेल?" या प्रश्नाला प्रत्येक ठिकाणी "हो हो मॅडम, जैन आहे" असंच उत्तर आलं. हॉटेलवाल्यांच्या भाषेत जैन म्हणजे कांदा-लसूण नसलेलं. पुढं खोदून विचारलं की बटाटा निघतो. एका ठिकाणी तर जैन पावभाजीत बटाटाच जास्त घालतो, असं कौतुकानं सांगितलं. आणि वेळ विचारली की सगळ्यांचं एकच, रात्रीचं जेवण साडेसातनंतर. एका मोठ्या हॉटेलातल्या मुलीनं फार गोड आवाजात सुचवलं, पाच वाजता हाय-टी असतो, केक आणि सँडविच, मुलांना आवडतो. सात वर्षांचं मूल दिवसभर नाचून सँडविचवर रात्र काढेल होय?

शेवटी मी युक्ती बदलली. रिसेप्शनला म्हटलं, मला स्वयंपाकघरात जोडून द्या. चौघांनी नाही म्हटलं. खोपोलीतल्या एका लहान हॉटेलात मात्र खुद्द आचाऱ्यानं फोन घेतला. मराठी माणूस.

"कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा, काही नको," मी म्हटलं.

"मग राहिलं काय, ताई?"

"भेंडी, दोडका, दुधी, पडवळ, कडधान्य, डाळी. कमी आहे का?"

"नाही, तसं बरंच आहे. किती वाजता?"

"सूर्य मावळायच्या आत."

पलीकडं जरा शांतता. मग म्हणाला, "किती वाजता मावळतो, ताई? आम्ही आत असतो, आम्हाला काय कळतंय."

मी आधीच पंचांग बघून ठेवलं होतं. कोकणच्या बाजूला आपल्यापेक्षा अर्धा तास जास्त मिळतो. डिसेंबरअखेर सहा वाजून पाचेक मिनिटं. काटेकोर माणसं सूर्यास्ताच्या दोन घटका आधी उरकतात, पण मुलीसाठी मी पावणेसहा सांगितलं. तो म्हणाला, "पाच वाजता आमचं स्टाफचं चुलीवर असतं. त्यातच तुमचं वेगळ्या भांड्यात करीन." खोली मी तेव्हाच पक्की केली. तलाव नव्हता. मुलाचा चेहरा दोन दिवस उतरलेला होता.

पाण्याचं माझं मीच बघितलं. सासूबाईंच्या वेळची जाड दुहेरी कापडाची छन्नी बॅगेत टाकली, आणि खोलीत इलेक्ट्रिक किटली आहे ना हे विचारून घेतलं. छानलेल्या पाण्याची मर्यादा अठ्ठेचाळीस मिनिटांची, उकळलेल्याची चोवीस तासांची. किटलीत तीनदा पाणी उकळलं की दिवस निघतो. सासूबाईंनी किटलीला काय म्हटलं असतं कोण जाणे.

मंगला एक्स्प्रेस धुक्यानं उशिरा धावली, पनवेलला उतरून टॅक्सीनं गेलो. पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. पावणेसहाला ताट आलं. भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, भात. मला तर माहेरचं ताट दिसल्यासारखं झालं. नात जेवली, बाकीचे नुसते बघत बसले, आणि मग सुनेनंही ताट मागवलं. "आत्ताच भूक लागलीय," म्हणाली. मी काही बोलले नाही.

दुसरा दिवस पार्कचा. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून संध्याकाळची सोय आतच बघायची होती. दुपारी दोनला नातू ठरल्याप्रमाणं कोलमडला, त्याला घेऊन मी रिक्षानं खोलीवर आले. किटली लावली, तो झोपला, मीही लवंडले. पुढचं मला सुनेनं सांगितलं. पाच वाजता नातीनं आपणहून विचारलं, "मम्मी, सूरज किधर है?" पाळण्याची रांग सोडून दोघी उपाहारगृहात गेल्या. इडली मिळाली; सांबारात बटाटा होता, म्हणून नुसत्या खोबऱ्याच्या चटणीशी चार इडल्या खाल्ल्या. परत येईतो रांग दुप्पट झाली होती आणि तो पाळणा राहिला. त्याबद्दल ती रडली. चांगली दहा मिनिटं रडली, असं सून म्हणाली. मग मिरवणूक निघाली आणि बापाच्या खांद्यावर बसून तिनं ती पाहिली.

रात्री आठला नातवानं खोलीत पनीरचा पराठा खाल्ला. नात शेजारी बसून दूध पीत होती, आणि त्याच्या ताटातल्या लोणच्याकडं बघत होती. मुलानं मला हळूच विचारलं, "देऊ का थोडं?" मी म्हटलं, तिला विचार. त्यानं विचारलं. ती म्हणाली, "कल सुबह रख देना।"

आचाऱ्यानं सकाळी वाटीभर लोणचं आणि दोन गरम पराठे तिच्यासाठी वेगळे पाठवले. निघताना मी त्याला बक्षिसी देऊ केली, ती त्यानं घेतली, आणि म्हणाला, "ताई, आता परवापासून मी पण खिडकीतनं बघतोय. सहा-सातला मावळतो."