पाणी उपसायचा डबा

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आम्ही दोघे गेली अठरा-वीस वर्षे शिकवत आहोत. १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्या प्रवासाविषयीचे त्यांचे पत्र त्याच वर्षी पुस्तकरूपाने आले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेकडे निघाल्या. समुद्रगमनाचा निषेध, बोटीवरच्या खाण्यापिण्याची अडचण, परतल्यावरचे प्रायश्चित्त या मुद्द्यांवर विद्यार्थी उत्तरे लिहितात आणि आम्ही ती तपासतो. परंतु जहाजावर पाऊल ठेवल्यानंतर माणसाने सर्वप्रथम काय करावे, हा प्रश्न आम्हाला एवढ्या वर्षांत एकदाही पडला नाही. तो पाडला आबांनी.

आबा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर. आंदर मावळातले शेतकरी. इंद्रायणी भात, दोन म्हशी, आषाढीची वारी आणि टाकव्याचा बाजार एवढ्यात आयुष्य गेलेले. गेल्या हिवाळ्यात त्यांना मुंबई-गोवा अशा क्रूझवर नेण्याचा बेत आम्ही आखला. मुलीने हौसेने तिकिटे काढली, आणि जहाजावर गेल्यावर आधी काय करायचे याची एक यादीही तयार केली. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ होते. फोन विमानातल्यासारखा बंद अवस्थेत टाका, नाहीतर भर समुद्रात तो उपग्रहाचे जाळे पकडेल आणि त्याचे बिल तिकिटाशी स्पर्धा करेल. रात्रीच्या कार्यक्रमाची जागा चढल्याचढल्या राखून ठेवा. सगळे गच्चीवर फोटो काढत असतील तेव्हाच बुफे गाठा. यादी शहाणपणाची होती. आजही कुणी विचारले तर यातली पहिली दोन कलमे आम्ही आवर्जून सांगू.

बंदरावरचे सोपस्कार उरकून आम्ही आत शिरलो तेव्हा समोर काचेच्या लिफ्ट, संगमरवरी जिना आणि वाजंत्री होती. आबांनी चप्पल काढली, खाली वाकून गालिच्याला हात लावला आणि तो कपाळी नेला. हे आम्हाला अपेक्षित होते. एसटीत पहिल्यांदा बसतानाही त्यांनी असेच केले होते म्हणतात. मग ते उभे राहिले, आजूबाजूला पाहिले आणि स्वागताला उभ्या असलेल्या गणवेशातल्या मुलीला म्हणाले, "बाई, ह्यात पानी उपसायचा डबा कुठं ठेवत्यात?"

तिला मराठी येत नव्हते. ती हसली आणि तिने सरबताचा पेला पुढे केला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पुढे काय केले ते लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिणे भाग आहे: आम्ही हसलो. "आबा, ही काय तळ्यातली होडी आहे का?" असे म्हणून त्यांच्या दंडाला धरून त्यांना लिफ्टकडे नेले. आबा काही बोलले नाहीत. बुफेत त्यांनी पानाला हात लावला नाही. प्रवासाने पोट बिघडले असेल, असे आम्ही मानले.

तळ्यातली होडी म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला हवे. आंद्रा नदी मूळची पूर्वेला वाहणारी, पुढे इंद्रायणीला मिळणारी. १९२२ साली टाटांच्या वीज कंपनीने तिच्यावर ठोकळवाडीचे धरण बांधले आणि पाणी बोगद्याने उलटे पश्चिमेला वळवून सह्याद्रीच्या पायथ्याशी भिवपुरीच्या वीजगृहात सोडले. मुंबईला वीज मिळाली. मावळात दरीतली जमीन बुडाली, आणि ज्यांची घरे एका काठाला नि भावकी दुसऱ्या काठाला अशी माणसे उरली. त्याच सुमाराचे मुळशीचे तळे सेनापती बापटांच्या सत्याग्रहामुळे इतिहासात गेले. आमच्या तळ्याचे नाव कोणत्याही पाठ्यपुस्तकात आम्ही पाहिलेले नाही. आबांच्या लहानपणी डोंगरातून वळसा घालायचा तर अर्धा दिवस जाई. म्हणून बाजार, लग्न, बाळंतीण, मयत, सारे होडीने. होडी लाकडी, डांबर लावलेली आणि कायम थोडी गळणारी.

आमच्या जहाजावर निघण्यापूर्वी सुरक्षेची कवायत झाली. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा सर्व जहाजांवरचा संकटाचा इशारा आहे. तो ऐकला की केबिनच्या कार्डावर लिहिलेल्या ठिकाणी जमायचे, लिफ्ट वापरायची नाही, जिन्याने यायचे. लाइफ जॅकेट कसे बांधावे हे एका मुलाने करून दाखवले. जमलेल्यांपैकी निम्मे फोनवर त्याचे चित्रण करीत होते, काही सरळ बारमध्ये राहिले होते. आमच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "हे फक्त कागदासाठी असतं." आम्हीही मान डोलावली. आबा मात्र पहिल्या रांगेत जाऊन बसले होते आणि त्या मुलाच्या बोटांकडे, गाठ कशी बसते तिकडे, टक लावून पाहत होते.

घरी परतल्यावर आम्ही यावर थोडे वाचन केले. प्राध्यापकाची पश्चात्तापाची रीत एवढीच. १३ जानेवारी २०१२ रोजी रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे प्रचंड प्रवासी जहाज खडकाला घासून कलंडले. जहाजावर चार हजारांहून अधिक माणसे होती, बत्तीस दगावली. त्या संध्याकाळी चिवितावेक्किया बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. ती दुसऱ्या दिवशी ठेवली होती. यात नियमभंग नव्हता, ही गोष्ट आम्हाला सर्वांत अस्वस्थ करून गेली. तेव्हाचा आंतरराष्ट्रीय नियम चोवीस तासांची सवलत देत होता, आणि जहाज बंदरातून सुटून तीन तासही झाले नव्हते. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला: कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी झालीच पाहिजे. म्हणजे 'आधी काय करावे' या प्रश्नाचे उत्तर आता कायद्याने ठरले आहे. बुफे त्यानंतर.

पण इटलीपर्यंत जायची गरजही नव्हती. आमचे जहाज मुंबई बंदरातून बाहेर पडले, त्या पाण्यातच १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट बुडाली. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, पावसाळी समुद्र, आषाढ अमावास्येचा सुमार, घरी निघालेली कोकणी माणसे. काशाच्या खडकाजवळ लाटेने ती एका अंगाला झुकली, घाबरलेले लोक एकाच बाजूला धावले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक गेले. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. त्या धामधुमीत हे दुःख कोकणापुरते राहिले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली, तेव्हाही अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हते. ते सक्तीचे झाले त्यानंतर. आणि मावळातलेच सांगायचे तर १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने इंद्रायणीत कोसळला आणि चार जीव गेले. पूल म्हणजे होडी नव्हे हे मान्य. पण चढण्यापूर्वी 'हे किती जणांचे आहे?' असे विचारण्याची सवय दोन्हीकडे सारखीच नाहीशी झालेली दिसते.

त्या रात्री आबा झोपले नाहीत. केबिनला खिडकी होती. दिवे मागे पडल्यावर बाहेर फक्त काळोख आणि मधूनच पांढरा फेस दिसत होता. दोनच्या सुमारास आम्ही जागे झालो तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसलेले होते, जॅकेट मांडीवर. आम्ही दिवा लावला नाही. ते बोलू लागले ते काळोखातच.

ते अकरा वर्षांचे होते. तळ्यात एक होडी होती आणि तिच्यात पाणी उपसायला रॉकेलच्या पत्र्याचा अर्धा कापलेला डबा असे. होडीत शिरले की आधी डबा बघायचा, मग बसायचे, हा सगळ्यांचा दंडक. एके दिवशी त्यांनी चिंबोऱ्या पकडायला तो डबा नेला आणि ओढ्याकाठी दगडाखाली ठेवून घरी आले. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे त्यांची आत्या माहेराहून सासरी निघाली. श्रावणातला पाऊस, अंधार, घाई. डबा आहे की नाही, कुणी पाहिले नाही, असतोच, म्हणून. मध्यावर पाणी भरले. पुरुष पदराने, पागोट्याने, हातांच्या ओंजळींनी उपसत राहिले. होडी काठापासून हाकेच्या अंतरावर बसली. चौघे पोहून आले. आत्याला पोहता येत नव्हते.

"डबं वाहून गेलं आसंल, आसं सगळे म्हनले," आबा म्हणाले. "मी बी तसंच म्हनलो."

सदुसष्ट वर्षे. आमच्या आजीला हे ठाऊक नव्हते, आईलाही नाही. आमच्या घरात आत्याच्या नावाने दरवर्षी पान वाढले जाते. ते आबा स्वतः वाढतात आणि त्या दिवशी जेवत नाहीत. त्याचे कारण आम्ही भक्ती समजत होतो. आम्हाला बोलायला काही सुचेना. आमच्यापैकी एकाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, दुसरीने पाणी दिले. त्यांनी पाणी प्यायले आणि म्हणाले, "झोपा आता. पोरगी जागी व्हईल."

आम्हाला मात्र झोप लागली नाही. संतकाव्याच्या तासाला आम्ही भवसागराचे रूपक समजावून सांगतो: संसार सागर, देह नौका, नाम तारक, सद्गुरू नावाडी. तुकोबांच्या वह्या ज्या इंद्रायणीत तेरा दिवस राहूनही तरल्या अशी श्रद्धा आहे, तिलाच आमची आंद्रा मिळते, हे सांगताना आमचा गळाही भरून येतो. मराठीत 'तरणे' या एकाच क्रियापदात तरंगणे आणि वाचणे दोन्ही आहे, यावर आमच्यापैकी एकाने निबंध वाचला होता. टाळ्याही मिळाल्या होत्या. परंतु तरणे हे आपोआप घडणारे क्रियापद आहे. ज्याला हात लागतात ते 'उपसणे'. गळक्या होडीतून पाणी उपसणारा माणूस आमच्या कोणत्याच टिपणात नव्हता. ज्या घरात तो डबा इतकी वर्षे बुडून होता, त्याच घरात राहून आम्ही होडी ही केवळ प्रतिमा म्हणून शिकवत आलो.

सकाळी आबा डेकवर गेले. आम्ही मागोमाग. बाजूला नारिंगी, झाकलेल्या मोठ्या होड्या टांगलेल्या होत्या आणि एक खलाशी दोर तपासत होता. तो दापोलीकडचा निघाला, त्यामुळे संभाषण सोपे झाले. या वेळी आम्ही दंड धरला नाही.

"पोरा, ह्यात पानी भरलं तर उपसता कशानं?"

मुलगा हसला नाही. "आजोबा, खाली पंप आहेत."

"पंप बंद पडला तर?"

"दुसरा आहे."

"त्यो बी पडला तर?"

"मग या होड्या खाली सोडायच्या."

"आन् ह्या होडीत पानी आलं तर?"

मुलाने हातातला दोर खाली ठेवला. "प्रत्येकीत दोन बादल्या असतात. आणि एक उपसायचं भांडं. नियमच आहे तसा. तपासणीला आले की आधी मोजतात."

हे खरे आहे. जीवरक्षक होड्यांत कोणते सामान असावे याचे आंतरराष्ट्रीय नियम आम्ही नंतर पाहिले. त्यांत वल्ही, होकायंत्र, पिण्याचे पाणी यांच्या जोडीला दोन बादल्या आहेत, आणि उपसण्याचे एक भांडे आहे. त्या भांड्याला नियमाने एक विशेषण जोडले आहे. ते आबांनी नियम न वाचताच विचारले.

"पान्यात पडलं तर बुडतं?"

"नाही आजोबा. तरंगतं ते."

आबा कठड्याला धरून उभे होते. उजवीकडे कोवळ्या उन्हात किनाऱ्याची रेघ दिसू लागली होती. त्यांनी दोनदा मान हलवली, मुलाचा हात हातात घेऊन क्षणभर धरला आणि आमच्याकडे वळून, बुफे किती वाजता बंद होतो, असे विचारले.