दाम आणि दान

नोकरी सोडून स्वतःच्या हिमतीवर काम मांडणाऱ्या मनुष्यास लोक बहुधा भांडवलाविषयी विचारतात. जागा कोठे घेतली, यंत्र कोणते आणले, पैसा कोणी दिला, असे ते प्रश्न असतात. ज्याचे भांडवल केवळ विद्या व लेखणी एवढेच आहे, त्याला याहून अवघड असा एक प्रश्न पहिल्याच दिवशी गाठतो. आपल्या श्रमाची किंमत स्वतःच्या तोंडाने कशी सांगावी? नोकराचा पगार मालक ठरवितो. स्वतंत्र व्यवसायी, ज्याला हल्ली फ्रीलान्सर म्हणतात, त्याला तो स्वतः ठरवून समोरच्यास सांगावा लागतो. ख्रिस्ती संस्कारात वाढलेल्या माणसाची जीभ येथे विशेष अडखळते. कारण शेजाऱ्याच्या अडचणीत पैसा मागणे त्याला जवळजवळ पापच वाटते. या प्रश्नाशी माझी काही वर्षे गाठ पडलेली आहे, म्हणून वाचकांपुढे चार विचार ठेवतो.

माझा व्यवसाय भाषांतराचा. आमच्या आदिलाबादेस तो का चालतो हे समजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता व सरकारी दप्तर उर्दूत चाले. १९५६ च्या प्रांतरचनेत किनवट व राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. परंतु नकाशावर सीमा ओढल्याने घरातील बोली बदलत नाही. पैनगंगेच्या अलीकडे बेला, जैनद या भागांत आजही कित्येक घरांत मराठीच बोलतात. अशा शेतकऱ्याच्या पेटीत आजोबांचा कागद उर्दूत, कचेरीची नोटीस तेलुगूत आणि वाचणारा मराठी, असा त्रिवेणी संगम असतो.

मी येथील एका जिनिंगमध्ये कारकून होतो. कापसाचा हंगाम ऑक्टोबराच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरतो. मग काम मंदावते व मिळकतही. वडिलांचे शिक्षण उर्दूत झाले असल्यामुळे जुन्या कागदांतील शिकस्ता अक्षर वाचण्याची विद्या त्यांनी मला लहानपणीच दिली होती. तिचा कधी उपयोग होईल असे तेव्हा घरात कोणालाच वाटले नव्हते. पुढे १५ सप्टेंबर २०१७ पासून तेलंगणा सरकारने गावोगावच्या जमिनीच्या नोंदी तपासण्याची मोहीम हाती घेतली. १० मे २०१८ रोजी रयतु बंधू योजना सुरू झाली. तीत जमिनीच्या पट्टेदारास दर हंगामास एकरी ४,००० रुपये मिळत. नव्या पासबुकात आपले नाव नीट लागणे हा आता पोटाचा प्रश्न झाला आणि घरोघरच्या पेट्या उघडल्या. सेतवार, वाटणीपत्रे, १९५४-५५ च्या खासरा पहाणीच्या नकला घेऊन लोक माझ्या दारी येऊ लागले. शिकमी कोणास म्हणतात, पट्टेदार व कब्जेदार यांत भेद काय, फसली सनात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन कसा येतो, हे समजावून देता देता माझ्या संध्याकाळी सरत. अखेर तीन महिन्यांचा घरखर्च बाजूस ठेवून मी नोकरी सोडली.

पहिल्या दोन महिन्यांत माणसे पुष्कळ आली, पैसे थोडे आले. चाळीस एकरांचा धनी येई आणि ‘दोन ओळी तर वाचायच्या आहेत, भाऊ’ म्हणून कागद पुढे सरकवी. त्याच बाकावर एखादी विधवा पदराच्या गाठीतून वीस रुपये सोडून हाती धरून बसलेली असे. पैसे दाखविल्यावाचून कागद दाखवू नये, असे तिला वाटे. धन्याकडे पैसे मागण्याचा संकोच होई आणि बाईकडून घेण्याचे दुःख होई. इकडे मुलीच्या फीची तारीख जवळ येत होती. एके रात्री पत्नीने शांतपणे विचारले, ‘अहो, तुम्ही हे जे देता, ते कोणाच्या ताटातले देता?’

या प्रश्नाचे उत्तर मला संत पौलाच्या चरित्रात मिळाले. तो राहुट्या तयार करणारा कारागीर होता. करिंथ शहरी आला तेव्हा तो त्याच धंद्यातील अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरी राहिला आणि त्यांच्यासह काम करू लागला. त्याच करिंथकरांना पुढे लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात त्याने श्रमणाऱ्याच्या हक्काची बाजू किती जोराने मांडली आहे, हे वाचकांनी अवश्य पाहावे. शिपाई, द्राक्षमळा लावणारा, कळप राखणारा, या सर्वांचे दाखले देऊन तो आपला हक्क प्रथम सिद्ध करतो आणि मगच सांगतो की, मी हा हक्क बजावला नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्याचा हक्कच ठरलेला नाही, त्याने तो सोडला असे कसे म्हणावे? द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धनीदेखील सकाळच्या मजुरांशी आधी एक दिनार ठरवितो आणि संध्याकाळी औदार्य दाखवितो ते स्वतःच्या पैशातून. जे आपले आहे तेच दान करता येते. दाम ठरविल्याखेरीज दिलेली सेवा घेणाऱ्यास दान म्हणून ओळखूच येत नाही. तो तिला फुकटची वस्तू समजतो.

म्हणून मी पानाचा दर सुवाच्य अक्षरांत लिहून भिंतीवर लावला. तो दर केवळ वाचण्याचा नाही, जबाबदारीचा आहे. एकरात ४० गुंठे असतात. चारचे चौदा वाचले गेले तर दोन सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात. न लागलेला शब्द अंदाजाने न भरता तेथे ‘अवाच्य’ असे लिहिणे, तारीख दोनदा पडताळणे, याला वेळ लागतो आणि त्या वेळेचा तो मोबदला आहे. मोठ्या कामाची निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी व बाकीची कागद देताना, असेही ठरविले. रविवारी मिस्सानंतरचे दोन तास मात्र ज्याला देणे शक्य नाही त्याचे. त्या वेळी आलेल्या बाईला मी दर सांगतो आणि तो सोडल्याचेही सांगतो. तिची गाठ तशीच राहते व मानही राहतो. चाळीस एकरांच्या धन्याने पहिल्यांदा दर वाचला तेव्हा त्याच्या कपाळास आठी पडली. पण त्याने पैसे दिले आणि नंतर आपल्या व्याह्यासही पाठविले.

दूरच्या गिऱ्हाइकांचा अनुभव निराळा असतो. एका मोठ्या शहरातील संस्थेने माझ्या कामाचे पैसे चार महिने थकविले. आपल्यासारख्या लहान माणसाने काय करावे? येथे कायदा साह्यास येतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यान्वये नोंदलेल्या लहान व्यवसायाचे पैसे करारात ठरल्याप्रमाणे, परंतु फार तर ४५ दिवसांत, द्यावे लागतात. करार नसल्यास मुदत १५ दिवसांची. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज चढते. यासाठीची उद्यम नोंदणी विनामूल्य आहे आणि ती सेवा देणाऱ्यांसही खुली आहे. माझी नोंदणी काम घेण्यापूर्वीच झालेली होती. कायद्याचा हवाला देऊन मी सभ्य शब्दांत पत्र पाठविले. मुद्दल आले, व्याज आले नाही. त्या पैशातून मुलीची फी भरली गेली.

सरकारी दप्तरे बदलत राहतात. २०२० साली धरणी नावाची जमिनीच्या नोंदींची व्यवस्था आली, २०२५ मध्ये तिच्या जागी भू भारती आली आणि प्रत्येक बदलाबरोबर जुन्या पेट्या पुन्हा उघडतात. कामाला तोटा नाही. आपल्या धर्मग्रामातील कोणी तरुण वा तरुणी शिवणकाम, शिकवणी, हिशेब, छायाचित्रण किंवा लेखन यांपैकी एखादे काम स्वतंत्रपणे आरंभण्याच्या विचारात असतील, तर त्यांनी काही महिन्यांचा घरखर्च आधी जमवावा, दर आरंभीच सांगावा आणि पहिल्या दिवशी दोन वह्या विकत घ्याव्यात. एकीत दामाचा हिशेब लिहावा व दुसरीत दानाचा. महिनाअखेर दोन्ही वह्या घरच्या माणसांपुढे उघडाव्यात. कारण दुसऱ्या वहीत जे लिहिले जाते, ते त्यांच्याही ताटातून दिलेले असते आणि त्या पुण्यात त्यांचाही वाटा आहे.