पाऊस लहान होत नाही

बागेत छोटी रेल्वे बांधायची म्हटलं की लोक आधी इंजिनाचं विचारतात. वाफेचं घ्यावं की बॅटरीचं, डेक्कन क्वीन मिळेल का, किंमत किती. मी ही रेल्वे बांधतो आणि चालवतो, आणि माझ्या मते इंजिनाचा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी ठरवायचं ते जमिनीचं. आपल्याकडे उघड्या अंगणात रेल्वे बांधायची असेल तर ती माथेरानच्या किंवा बार्शीच्या जातीची, म्हणजे नॅरोगेजचीच बांधावी, आणि घाटात रेल्वे नेणाऱ्यांनी जे नियम पाळले तेच पाळून बांधावी, असं माझं ठाम मत आहे. ते मत आवडीनिवडीतून आलेलं नाही. इंजिन, डबे, रूळ हे आपण एकोणीस पटींनी लहान करू शकतो. पाऊस, ऊन, वारा आणि माती मात्र आहेत त्याच मापाची राहतात, आणि सगळी अडचण तिथून सुरू होते.

हिशेब मांडून पाहू. माथेरान आणि दार्जिलिंगच्या दोन रुळांमधलं अंतर दोन फूट. एका फुटाला १६ मिलिमीटर असं प्रमाण धरलं की बागेत ते ३२ मिलिमीटरवर येतं, म्हणजे साधारण १:१९. लांबी १९ पट कमी झाली की पृष्ठभाग ३६१ पट कमी होतो आणि वजन ६,८५९ पट. दार्जिलिंगचं साधारण १५ टनांचं वाफेचं इंजिन या हिशेबाने सव्वादोन किलोचं होतं. आता वारा घ्या. वारा ढकलतो ते डब्याच्या अंगाला, म्हणजे पृष्ठभागाला. डबा रुळावर धरून ठेवतं ते वजन. पृष्ठभागाच्या मानाने वजन १९ पट जास्त घटलं, म्हणजे तोच वारा छोट्या डब्याला खऱ्याच्या १९ पट जोराने लागतो. वळवाच्या आधीची वावटळ रिकामा मालडबा सहज आडवा करते. पावसाचा टपोरा थेंब चार मिलिमीटरचा असतो. छोट्या स्टेशनावर उभ्या असलेल्या छोट्या माणसाच्या दृष्टीने तो ७६ मिलिमीटरचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून थोडा मोठा. असे चेंडू चार महिने भरावावर पडत राहतात. ही रेल्वे म्हणजे एक खेळणं आहे आणि ते जरा जपून ठेवलं की झालं, असं समजणाऱ्याची खडी पहिल्याच जुलैत वाहून जाते.

मग नॅरोगेजच का? कारण ती मुळातच जमिनीपुढे नमतं घेऊन जन्माला आली. आपल्या ब्रॉडगेजवर १० अंशाचं वळण तीव्र मानतात, त्याची त्रिज्या १७५ मीटर. बागेतल्या मोठ्या प्रमाणांपैकी १:३२ घेतलं तरी ती साडेपाच मीटर होते. नुसतं एक गोल फिरायला अकरा मीटर रुंदीचं मोकळं अंगण लागेल. आजचा लांब पल्ल्याचा डबा साडेतेवीस मीटरचा. १:३२ मध्ये तो पाऊण मीटरच्या जवळपास, आणि दहा डब्यांची गाडी सात मीटरांहून लांब. अशी गाडी बागेतल्या वळणावर घातली की डब्यांची टोकं बाहेर लटकतात, गाडी दर क्षणी खोटी दिसते. उलट दार्जिलिंगच्या मार्गावरच्या अ‍ॅगनी पॉइंट या वळणाची त्रिज्या साधारण १८ मीटर आहे. १:१९ मध्ये ती एक मीटरच्याही आत येते. म्हणजे जे वळण तिथे खरं आहे तेच, काहीही न कापता, सव्वादोन मीटर रुंदीच्या जागेत बसतं. चढाचं तर त्याहून सोपं. चढ हे गुणोत्तर असल्यामुळे ते लहान होतच नाही. माथेरानचा १:२० चढ बागेतही १:२०च राहतो, आणि तो किती अवघड आहे हे भिजलेल्या रुळावर फिरणारी चाकं लगेच दाखवतात. मी स्वतः १:४० च्या वर जाऊ नये असं म्हणेन.

ज्यांनी हे मार्ग बांधले त्यांच्याकडे अमाप पैसा नव्हता, म्हणून त्यांनी डोंगर फोडण्यापेक्षा डोंगराला वळसा घातला. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०७ मध्ये नेरळ–माथेरान मार्ग सुरू केला. अंतर वीस-एकवीस किलोमीटरचं, आणि सगळा मार्ग उतारांच्या कडेकडेने फिरत वर जातो. त्याच्या दहा वर्षं आधी, १८९७ मध्ये, एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. गेज अडीच फुटी. इंजिन असो की डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही हा त्यांचा आग्रह होता, म्हणून हलक्या रुळांवरही गाडी नीट चालली. माथेरानच्या जुन्या इंजिनांच्या टोकाच्या आसांना वळणावर थोडं सरकता येत असे. बागेतल्या इंजिनातही चाकांना आडवी ढिलाई द्यावी लागते ती याच कारणाने. भार कमी, वळण तीव्र, वेग थोडा, मार्ग जमिनीच्या कलाने. या चार गोष्टी बागेला जशाच्या तशा लागू पडतात. ज्यांना बार्शीच हवी त्यांच्यासाठी ४५ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. १:१७ प्रमाण धरलं की अडीच फूट बरोबर तिथे येतं. हे ४५ मिलिमीटरचे बागेतले रूळ लोकप्रिय केले ते न्यूरेम्बर्गच्या लेहमान कंपनीने, १९६८ पासून.

आता जमीन. देशावर बहुतेक अंगणांत काळी माती. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते. तिच्यावर सरळ रूळ टाकले तर एक बाजू उचलली जाते, दुसरी बसते. छोट्या चाकाची कड असते दोन-तीन मिलिमीटरची. रुळाची एक बाजू तेवढीच खचली तरी गाडी घसरते. म्हणून वीतभर माती काढून टाकायची, मुरूम भरायचा, पाणी मारून धुमसाने ठोकायचा, वर विटांचा थर आणि त्यावर बारीक कच. कच धारदार हवी. नदीची गोल वाळू चालत नाही, ती थेंबाच्या माऱ्याने उडते आणि स्लीपरला धरून ठेवत नाही. कोकणात जांभ्याच्या जमिनीवर हे काम निम्म्याने कमी होतं, कारण पाणी आपोआप खाली जिरतं. लाकडी स्लीपर दिसायला सुरेख, पण वाळवीला कोण आवरणार? उन्हाला टिकणाऱ्या प्लॅस्टिकचे घ्यावेत.

गवंड्याला सांगितलं तर तो हमखास रूळ सिमेंटमध्ये पक्के करून देतो. इथे त्याचं ऐकू नये, कारण पितळ वाढतं. दहा मीटर पितळी रूळ एका अंशाला ०.१९ मिलिमीटर वाढतो. पौषातल्या पहाटे १० अंशांवर असलेला रूळ एप्रिलच्या दुपारी ६० अंशांवर जातो. दहा मीटरमागे साडेनऊ मिलिमीटर वाढ. तीस मीटरच्या फेऱ्यात ती २८ मिलिमीटर, अंगठ्याच्या पेराएवढी. ही वाढ कुठेतरी जायला हवी. रुळाच्या जोडाजवळ गुडघ्यावर बसून पाहा: सकाळी दोन टोकांमध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट असते, दुपारी दीडला ती मिटलेली असते, आणि वळणावर अख्खा रूळ केसभर बाहेर सरकून कचेत स्वतःची रेघ उमटवतो. संध्याकाळी तो परत येतो. सिमेंटमध्ये जखडलेल्या रुळाला हे करता येत नाही, तो वाकतो किंवा स्लीपरमधून उखडतो. 

यावर पहिला आक्षेप असा की मग आपली हवा या छंदाला मानवतच नाही. हे इंग्लंड-जर्मनीचं काम. मला हा आक्षेप पटत नाही, कारण उत्तर आपल्या खऱ्या रेल्वेनेच देऊन ठेवलं आहे. माथेरानची गाडी नेरळ ते अमन लॉज या टप्प्यात दर पावसाळ्यात बंद असते. जुलै २००५ च्या अतिवृष्टीने तो मार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये परत सुरू झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा नुकसान केलं आणि सलग वाहतूक २०२२ मध्ये सुरू झाली. ज्यांचं पोट रेल्वेवर आहे ते पावसात थांबतात, दुरुस्ती करतात, दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास पुन्हा चालू लागतात. आपणही तेच करावं. जूनमध्ये गाड्या घरात, ऑक्टोबरमध्ये मोऱ्या साफ, कच नवी. पाइपाचा दोन इंची तुकडा ही बागेतली मोरी, आणि माझ्या लेखी ती पुलापेक्षा महत्त्वाची. पितळी रूळ दमट हवेत काळे पडून वीज धरत नाहीत हे खरं. म्हणून वीज रुळातून न घेता बॅटरी इंजिनात ठेवून रेडिओने चालवावं, नाहीतर सरळ वाफ वापरावी.

वाफेला तर आपला हिवाळा फार चांगला. छोट्या बॉयलरचा पृष्ठभाग त्यातल्या पाण्याच्या मानाने खूप जास्त, त्यामुळे तो पटकन निवतो. युरोपच्या गारठ्यात जी उष्णता वाया जाते ती इथे वाचते. गॅसवर चालणारं इंजिन साधारण ४० पौंड दाबावर काम करतं आणि एका भरणीत अर्धा तास फिरतं. पाणी बोअरचं नको, क्षार साचतात. पावसाचं, कापडातून गाळून बाटल्यांत भरून ठेवलेलं पाणी उत्तम. ज्या पावसाने भराव खाल्ला त्याच पावसावर जानेवारीत गाडी चालते, आणि सकाळी सातच्या हवेत धुराड्यातली वाफ पांढरी दिसते. नऊनंतर तीच वाफ असते, दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: लोकांचं प्रेम मोठ्या गाड्यांवर आहे, त्यांना नॅरोगेजची सक्ती का? सक्ती नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. मोठ्या गाड्या, उड्डाणपूल, सिग्नल, सगळं तिथे छपराखाली नांदतं. छपराखाली वारा नाही, थेंब नाही, तापमान आपल्या हातात; तिथे लहान प्रमाण आणि मोठी गाडी शोभते. उघड्यावर तेच नेलं की हवा जिंकते. शिवाय आणखी एक गोष्ट मनाला लागते. बार्शीची लाइन ब्रॉडगेज झाली. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरच्या ‘शकुंतला’ या नॅरोगेज गाडीचे रूळ ओस पडले. ज्या गाड्यांनी खेड्यांना बाजाराशी जोडलं त्या पाहायच्या कुठे? मोठ्या गाड्या अजून धावत आहेत, त्या फलाटावर जाऊन पाहता येतात. वाट हवी आहे ती गेलेल्यांना.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. बाहेरून मागवलेल्या चांगल्या वाफेच्या इंजिनाची किंमत मोटारसायकलच्या घरात जाते. पण मुरूम, विटा, कच, पाइप हे सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि रेल्वेचं तीन चतुर्थांश काम तेवढंच आहे. डबे स्वतः करता येतात, इंजिन नंतर येऊ द्या. घरच्यांची तक्रार असते की फुलं जातील. वॉल्ट डिस्ने यांनी १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या घरी माणसं बसतील एवढी, सव्वासात इंची रेल्वे घातली, तेव्हा पत्नीच्या फुलांच्या वाफ्याखालून नव्वद फुटी बोगदा काढला. वाफा जिंकला, आणि रेल्वेला तिची सर्वात चांगली जागा मिळाली. आपल्याकडे एवढंही लागत नाही. छाटलेली तुळस रुळाशेजारी मोठ्या झाडासारखी दिसते, ब्राह्मी कुरणासारखी पसरते. फक्त सूचिपर्णी झाडासारखी दिसणारी मोरपंखी माथेरानच्या गाडीला लावू नका, ती दार्जिलिंगला शोभेल.

ज्यांच्या मनात हे करायचं आहे त्यांना माझी विनंती एवढीच: यंदा काहीही विकत घेऊ नका. जूनचा पहिला मोठा पाऊस येईल तेव्हा छत्री घेऊन अंगणात उभे राहा, पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं, कुठून बाहेर जातं ते पाहा, आणि त्या रेषेवर काठ्या रोवून ठेवा. मोऱ्या तिथे येतील. रूळ दिवाळीनंतर.