सावलीचा पट्टा

१८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणाचा नकाशा बंगळुरूत माझ्या टेबलासमोर आहे. सावलीचा पट्टा विजयदुर्गापाशी कोकणात शिरतो, जमखंडीवरून गुंटूरकडे जातो. जमखंडीत लेफ्टनंट हर्शल यांनी, गुंटूरला जान्सेन यांनी सूर्यज्वालांचा वर्णपट पाहिला; ज्वाला वायुरूप आहेत, हे त्यातून कळलं.

या नकाशात महाराष्ट्र-कर्नाटक अशी रेघ नाही. जमखंडी तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं. १९५६ साली ती म्हैसूर राज्यात गेली. माझी आई तिथली. ती कानडीत हिशेब करायची, मराठीत रागवायची.

माझ्या मुलीला मराठी समजते, वाचता येते ती कानडी. तिच्यासाठी आईची पत्रं मी कानडीत आणते आहे. रागाच्या ओळी तिकडे जाताना मवाळ होतात. त्या मी पुन्हा लिहिते. नातीला आजी कळायची, तर ती रागवायलाच हवी.