संदर्भ हवा!

सेकंड इयरची गोष्ट. रात्री दीड वाजता रूम पार्टनर म्हणाला, "विकिपीडियावर कोणीही काहीही लिहितं रे!" झालं! आमच्या गावाच्या इंग्रजी पानावर मी ठोकून दिलं, 'येथे शिवकालीन किल्ला आहे.' (आहे ती पडकी गढी!) दहा मिनिटांत कुणीतरी ते उडवलं, वर निरोप, 'संदर्भ द्या.' मग तीच थाप मराठी पानावर मारली. ती टिकली.

दिवाळीत घरी गेलो, तर धाकट्या बहिणीच्या प्रकल्पवहीत तोच किल्ला, चित्रासकट! बाईंचा शेरा, 'छान'. माझी बोलतीच बंद.

तेव्हा कळलं, तिथली राखण माणसंच करतात. कुणीतरी नवे बदल तपासतं, संदर्भ मागतं, चुकीचं मागे फिरवतं. जिथे डोळे कमी, तिथे थाप टिकते. २००५ मध्ये अमेरिकन पत्रकार जॉन सीगेनथॉलर यांच्याबद्दलचा खोटा मजकूर तर इंग्रजीतही चार महिने राहिला होता.

बहिणीला खरं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. किल्ला मीच काढून टाकला. पण पानाचा 'इतिहास' उघडलात, तर तारीख-वेळेसकट माझी थाप अजून दिसेल. दिसू दे. आता त्या पानावर मी अधूनमधून नजर टाकतो. डोळ्यांची एक जोडी वाढली, इतकंच!