एका नांवाचें स्मारक

दोन नद्यांचा संगम म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें घाट, देवळें आणि पर्वणीची गर्दी उभी राहते. अमेरिकेंतील पिट्सबर्ग हेंही संगमावरचेंच शहर. मात्र त्याची ख्याति झाली ती पोलादाच्या भट्ट्यांमुळें. अलेघेनी आणि मोनोंगाहेला या नद्या येथें एकमेकींस मिळतात व पुढें ओहायो या नांवानें वाहूं लागतात. भर शहरांतून अलेघेनीच्या उत्तर तीरास जाणारा, १९२८ सालीं बांधलेला, पोलादी साखळ्यांनीं तोललेला एक पिवळा पूल आहे. बेसबॉलचा सामना असला म्हणजे तो वाहनांस बंद ठेवतात आणि लोक मुलाबाळांसह त्यावरून पायींच क्रीडांगणाकडे निघतात. ती गर्दी पाहून आपल्याकडील जत्रेची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

पूल संपतांच एका कांशाच्या पुतळ्याशीं गांठ पडते. चेंडू नुकताच टोलावला आहे, बॅट हातांतून सुटत आहे आणि पाऊल धांवेसाठीं उचललें आहे, असा तो क्षण सूसन वॅगनर या शिल्पकर्त्रीनें पकडला आहे. १९९४ मध्यें हा पुतळा जुन्या क्रीडांगणापाशीं उभारला गेला व २००१ सालीं नवें क्रीडांगण झालें तेव्हां येथें आणला गेला. त्याच्या बैठकींत तीन ठिकाणची माती ठेवली आहे: एक पोर्टो रिको बेटावरील मैदानाची आणि दोन पिट्सबर्गच्या जुन्या क्रीडांगणांची. आंत गेल्यावर मैदानाच्या उजव्या बाजूची भिंत बरोबर २१ फूट उंच दिसते. या वीराच्या अंगरख्यावरील आंकडा २१ होता आणि मैदानाची उजवी बाजू राखणें हें त्यांचें काम होतें.

हे वीर म्हणजे रोबेर्तो क्लेमेंते. १९३४ सालीं पोर्टो रिकोंतील कारोलिना या गांवीं त्यांचा जन्म झाला. वडील उसाच्या मळ्यांत मुकादम. सात भावंडांत हे धाकटे. १९५५ मध्यें ते पिट्सबर्गच्या संघांत आले आणि अखेरपर्यंत, अठरा हंगाम, त्याच संघांत राहिले. फलंदाजींतील अग्रस्थान त्यांनीं चार वेळां मिळविलें आणि क्षेत्ररक्षणाचें सुवर्ण पारितोषिक ओळीनें बारा वर्षें.

गौरवाचे हे आंकडे वाचतांना त्यांच्या वाट्यास आलेला अपमान विसरून चालणार नाहीं. पोर्टो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक. तथापि क्लेमेंते यांची कांति काळी आणि मातृभाषा स्पॅनिश, म्हणून ते दुहेरी परके ठरले. फ्लॉरिडांत सरावाच्या दिवसांत गोऱ्या सोबत्यांच्या हॉटेलांत काळ्या खेळाडूंस थारा नसे. गोरे खाणावळींत जेवीत आणि हे बाहेर बसमध्यें थांबत. वृत्तपत्रें त्यांचे इंग्रजी उच्चार जसेच्या तसे छापून वाचकांस हंसवीत. त्यांना ‘रोबेर्तो’ ही हांक देण्याचे कष्टही पुष्कळांनीं घेतले नाहींत. समालोचक ‘बॉब’ म्हणत आणि खेळाडूंच्या चित्रपत्रांवर वर्षानुवर्षें ‘बॉब क्लेमेंते’ असेंच छापून येई. आपलें नांव रोबेर्तो आहे, हें ते पुनःपुन्हां सांगत राहिले.

१९७१ सालीं पिट्सबर्गनें जागतिक मालिका जिंकली आणि क्लेमेंते तिचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. दूरचित्रवाणीवाले मुलाखतीस आले, तेव्हां इंग्रजींत बोलण्यापूर्वीं त्यांनीं स्पॅनिशमध्यें आपल्या मुलांस आशीर्वाद दिला व आईवडिलांपाशीं आशीर्वाद मागितला. ज्या भाषेची थट्टा झाली, तीच त्यांनीं साऱ्या देशाला ऐकविली.

३० सप्टेंबर १९७२ रोजीं त्यांचा तीन हजारावा यशस्वी टोला झाला. नियमित हंगामांतील तो शेवटचा ठरला. त्या डिसेंबरच्या २३ तारखेस निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपानें उद्ध्वस्त झाली. आपण धाडलेली मदत पीडितांपर्यंत पोंचत नसून मध्येंच लांबविली जाते, असें कानीं येतांच ते स्वतः निघाले. ३१ डिसेंबरच्या रात्रीं प्रमाणाबाहेर लादलेलें तें विमान सान हुआनजवळ समुद्रांत कोसळलें. त्यांचा देह मिळाला नाहीं. वय अवघें अडतीस वर्षांचें होतें.

बेसबॉलच्या सन्मान-मंदिरांत प्रवेशासाठीं खेळ संपल्यावर पांच वर्षें जावीं लागतात. ती अट बाजूस ठेवून १९७३ मध्येंच त्यांना तेथें स्थान मिळालें. लॅटिन अमेरिकेंतील खेळाडूस हा मान प्रथमच लाभत होता. पण त्या गौरवफलकावरही नांव चुकलें! स्पॅनिश रीतीप्रमाणें वडिलांचें कुलनाम आधीं आणि आईचें शेवटीं येतें. म्हणजे ‘रोबेर्तो क्लेमेंते वॉकर’. फलकावर मात्र ‘रोबेर्तो वॉकर क्लेमेंते’ असें कोरलें गेलें. सत्तावीस वर्षांनीं, २००० सालीं, तो फलक बदलण्यांत आला.

नव्या क्रीडांगणाला क्लेमेंते यांचें नांव असावें अशी अनेकांची इच्छा होती. परंतु त्या नांवाचा हक्क एका बँकेनें विकत घेतला होता. तेव्हां क्रीडांगणाकडे नेणाऱ्या पुलास १९९८ मध्यें त्यांचें नांव देण्याचें ठरलें.

पुतळा उभारणें पैशाचें काम आहे, तें कोणतेंही श्रीमंत शहर करील. माणसाला त्याच्या आईवडिलांनीं ठेवलेल्या नांवानें हांक मारण्यास मात्र एक दमडीही लागत नाहीं, आणि नेमकें तेंच जिवंतपणीं क्लेमेंते यांच्या वाट्याला पुरतेंपणीं आलें नाहीं. आज त्या पिवळ्या पुलाचें नांव ‘रोबेर्तो क्लेमेंते पूल’ असें आहे. सामन्याला निघालेलें लहान मूल वाट सांगतांना तें सहज उच्चारतें. कांशाच्या पुतळ्याहून हें स्मारक मला अधिक मोलाचें वाटतें.