जुलैचा अध्यक्ष आणि मे महिन्यातलं रक्त



जून संपत आला की आमच्या टेबलावर पदग्रहण सोहळ्याच्या पत्रिका पडायला लागतात. रोटरी असो की लायन्स, दोन्हीकडं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. नांदेड, लोह्यापासून अहमदपूर, उदगीरपर्यंतच्या पट्ट्यात बातमीच्या निमित्तानं मी अशा क्लबांच्या कार्यक्रमांना वर्षानुवर्षं जातोय. शाल-श्रीफळ तेच, भाषणं बहुतेक तीच. बदलतो फक्त अध्यक्ष.

"फोटोपुरते क्लब हायेत हो," असं बरेच जण म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही.

१९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं रोटरी सुरू केली. सभासदांच्या कचेऱ्यांत आळीपाळीनं बैठक व्हायची, म्हणून हे नाव पडलं. लायन्स १९१७ ची. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करा असं आवाहन केलं, आणि तेव्हापासून डोळ्यांचं काम ही त्यांची ओळख झाली. आपल्याकडच्या मोतीबिंदू शिबिरांचा धागा तिथपर्यंत जातो. अशाच एका शिबिरानंतर एक आजी मला म्हणाल्या होत्या, "आता ज्वारीतले खडे दिसायलेत बाबा." याला फोटोपुरतं काम कसं म्हणायचं?

पोलिओचंही तसंच. रोटरीनं ते काम १९८५ मध्ये जगभर हाती घेतलं. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला देशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. सरकार, आरोग्य सेवक, आशाताई, अंगणवाडीताई सगळे राबले, पण रोटरीनंही हात सोडला नाही. १९८५ ते २०१४, मधल्या काळात एकेका क्लबात २९ अध्यक्ष बदलले असतील. काम मात्र तेच राहिलं.

आपल्याकडं घोडं इथंच अडतंय. नवा अध्यक्ष आला की नवा उपक्रम. जुलैत झाडं लागतात, एप्रिलात पाणी कुणी घालायचं ते ठरलेलं नसतं. ट्री गार्डवरचं नाव राहतं, रोप जातं.

झाडाचं एक वेळ सोडा, रक्ताचं काय? १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि नेत्यांचे वाढदिवस, या ठरावीक दिवसांवर शिबिरांची गर्दी होते. पण पिशवीतलं रक्त साधारण ३५ ते ४२ दिवसच टिकतं. थॅलेसेमियाच्या लेकराला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, ते काही वाढदिवस बघून लागत नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद, ऊन कडक, लग्नसराई जोरात. शिबिरं जवळजवळ थांबतात. मग विष्णुपुरीला पेशंट घेऊन गेलेल्या नातेवाइकांचे फोन आम्हा पत्रकारांना येतात, "साहेब, ग्रुपवर टाका ना."

एका क्लबाच्या बैठकीत मी विचारलं, मे मधलं शिबिर आत्ताच ठरवता येईल का? उत्तर आलं, "आमचं वर्ष संपत आलंय, पुढच्या अध्यक्षांना विचारा."

दुसऱ्या एका गावात मात्र क्लबातल्या एका मेडिकलवाल्याकडं साधी वही बघितली. नाव, रक्तगट, मोबाईल आणि मागच्या वेळी रक्त कधी दिलं ती तारीख. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं, त्या हिशोबानं हा माणूस फोन लावतो. अध्यक्ष का नाही झालात? तर म्हणाला, "जेवणावळीचा खर्च कोण करणार? आपली वही बरी." मी बघितलेल्या क्लबांच्या कामांत मला हे सगळ्यात मोठं वाटतं. त्याचा फोटो कुठल्याच बातमीत आला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यातल्या क्लबांनी एकत्र बसून वर्षाचे महिने वाटून घ्यावेत. एका महिन्याचं शिबिर एका क्लबाकडं. एप्रिल-मे सगळ्यात आधी वाटावेत, आणि सकाळी दहाच्या आत शिबिर उरकावं. गणेश मंडळं, बचत गट आले तर उत्तमच. याला वेगळा निधी लागत नाही. अध्यक्ष बदलला तरी न बदलणारी एक वही आणि एक कॅलेंडर लागतं.

येत्या जुलैत आपापल्या गावच्या पदग्रहणाला जरूर जा. नव्या अध्यक्षांना हार घाला, पेढा खा आणि एकच विचारा: मे मधलं रक्तदान शिबिर कोणत्या तारखेला?

जी तारीख मिळेल ती मला कळवा. मी छापतो.